चालायचे कुठे?

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. चालायचे कुठे, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते. कल्याणमध्ये गोळी मिळवण्यापेक्षा ही जागा मिळवणे अवघड आहे. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत आणि शुगर किंवा बीपी नाही असे घर शोधावे लागते. बिर्याणी कमी करा, शीरखुर्म्यात साखर कमी घाला, हे सगळे ऐकून झाले. जिभेवर ताबा ठेवणे निदान आपल्या हातात असते. पण घरात दोन खोल्या, खाली उतरले की लावलेल्या दुचाक्या, गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आणि पुढे रस्ता. तिथे जीव मुठीत धरून चालायचे.

आम्ही पाचजणी. दोघी जावा, एक शाळेत शिकवणारी, एक घरी शिवणकाम करणारी, आणि एक नुकतीच मुंब्र्याहून सासरी आलेली. आधी आम्ही गच्चीवर फिरून पाहिले. गच्ची केवढी, तर पंचवीस पावलांत कठडा येतो. गोल गोल फिरून चक्कर येते आणि टाकीचे पाणी ओसंडून वाहिले की पाय घसरतो. मग कोणीतरी स्कायवॉक सुचवला. तिथे पहाटेपासून स्टेशन गाठणाऱ्यांची धावपळ, त्यात आपण आरोग्यासाठी रमतगमत निघालेलो. दोन दिवसांत तो नाद सोडला आणि काळा तलाव गाठला.

कल्याणकरांना काळा तलाव सांगायला नको. जुन्या कागदांत तो शेणाळे तलाव, आता भगवा तलाव असेही नाव आहे, पण आमच्या तोंडी काळा तलावच बसलेला आहे. मधे पाणी, भोवती फिरायची वाट, झाडे, बाके, आणि काठावर काळ्या दगडातली जुनी मशीद. पहाटे पाण्यावरून वारा येतो तेव्हा गावातला धूर आणि हॉर्न काही वेळ विसरायला होतात. दूधनाक्याकडून आम्ही चालतच येतो. हे चालत येता येणे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. रिक्षा करून जायची बाग असेल तर पहिल्या आठवड्याची हौस फिटली की पाय घराबाहेर पडत नाही.

वेळ फजरनंतरची. ऐकायला सोपी वाटते, पण फजर वर्षभर एका जागी थांबत नाही. मे महिन्यात पावणेपाचला वेळ सुरू होते, नमाज, थोडी तिलावत आणि चहा आटोपूनही उजाडायला अवकाश असतो. जानेवारीत फजरच सहाच्या आसपास होते, आणि तेव्हाच मुलांचा डबा, नवऱ्याची लोकल, शाळेची रिक्षा. थंडीत बाईचे चालणे बंद पडते ते आळसाने नव्हे, डब्याने. हे पुरुषांना सांगावे लागते. आमच्यापैकी दोघींच्या घरी यंदा थंडीत डब्याची पोळी रात्री लाटून ठेवायची आणि भाजी सकाळी पुरुषाने गरम करायची, असे ठरले. ठरायला तीन आठवडे लागले.

बुरख्याखाली कॅनव्हासचे बूट घालून निघालेल्या पाचजणी पाहून पहिल्या दिवशी लोकांनी माना वळवल्या. आठवडाभर वळवल्या, मग ओळख झाली. तलावावर रोज येणारे एक वेगळेच गाव आहे. आगरी आज्या, सिंधी काका, निवृत्त रेल्वेवाले, हात वर करून मोठ्याने हसणारे एक मंडळ. एका आजींनी आमच्यातल्या शिवणकामवालीला तिसऱ्याच दिवशी दोन ब्लाऊज शिवायला दिले आणि वर ‘‘उद्या नाही आलीस तर माप कोणाला देऊ?’’ असे बजावले. त्यामुळे तिला चौथ्या दिवशी यावेच लागले. एरवी या बायकांची आणि आमची गाठ पडायची ती भाजीच्या गाडीपुरती. इथे त्या आमच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आम्ही त्यांच्या सुनांची. गेल्या काही वर्षांत बाहेर माणसे एकमेकांकडे ज्या नजरेने पाहू लागली आहेत, ती नजर तलावावर सकाळी सहाला तरी आम्हाला दिसली नाही.

खरे सांगायचे ते आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंविषयी. त्यांना आम्ही सगळ्याच अम्मी म्हणतो. सासरे वारले. चार महिने दहा दिवसांची इद्दत त्यांनी पाळली. इद्दत संपली त्या दिवशी लेकींनी नवा जोडा आणला, नातेवाईक आले, दुआ झाली. पण अम्मी बाहेर पडल्याच नाहीत. आठ महिने गेले. दिवसभर पलंगावर, तोंड भिंतीकडे. नमाज खुर्चीवर. शुगर वाढली, पाय सुजले, झोप उडाली. कोणी काही विचारले की एकच उत्तर, ‘‘आता कुठे जायचं मला?’’ डॉक्टरांनी औषध दिले. त्याचा उपयोगही झाला, आणि हे लिहिलेच पाहिजे, कारण आपल्याकडे मन आजारी पडले तर फक्त दम केलेले पाणी पाजायचे आणि गोळीला नाव ठेवायचे अशी सवय आहे. पण डॉक्टरांनी गोळीबरोबर असेही सांगितले होते की यांना रोज आकाश दिसले पाहिजे.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांना रिक्षाने तलावावर नेले आणि बाकावर बसवले. त्या चालल्या नाहीत. पाण्याकडे बघत बसल्या. आम्ही फेऱ्या मारत होतो आणि दर फेरीला त्यांच्यासमोरून जाताना सलाम करत होतो. तिसऱ्या सलामाला त्या थोड्या हसल्या. चार दिवस असेच. पाचव्या दिवशी त्या आपणहून उठल्या आणि पुढच्या बाकापर्यंत गेल्या. तेव्हापासून त्यांचे माप बाकांत. ‘‘आज तीन बाकं झाली’’, ‘‘आज पाऊस होता, दोनच.’’ दोन महिन्यांनी पूर्ण फेरी झाली, मधे चार वेळा बसून. पायांची सूज उतरली, शुगरचा आकडा खाली आला. सासऱ्यांचे नाव निघाले की अजून डोळे भरतात, ते भरणारच. पण आता त्या तोंड भिंतीकडे करून झोपत नाहीत.

बागा करणाऱ्यांना आमचे म्हणणे आहे की धावपट्टी आणि रंगीत दिवे नंतर करा, आधी बाके करा. दर पन्नास पावलांवर एक, आणि पाठ टेकता येईल असे. नुसत्या दगडी ओट्यावर बसलेली म्हातारी बाई उठताना कोणाचा तरी हात शोधते.

आमच्या शिक्षिका मैत्रिणीने आम्हाला एका जुन्या अभ्यासाविषयी सांगितले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधे कमी लागली. हे 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. अम्मींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, ‘‘मग माझा पलंग खिडकीकडे का नाही फिरवला कोणी?’’ त्याच संध्याकाळी फिरवला. खिडकीतून एक शेवगा दिसतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे, दम थोडा वाढेल इतपत हालचाल करावी. रोजची वीस-बावीस मिनिटे झाली. आपल्याकडे ती किती जण करतात? 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ तेवढीही करत नाहीत, आणि त्यात बायका पुढे आहेत. पुरुष शंभरात बेचाळीस, तर बायका सत्तावन. घरकाम काय हालचाल नव्हे? आहे. पण ओट्यापाशी उभे राहून कंबर धरते, दम वाढत नाही. शिवाय ऊन. आमच्या घरांत ऊन येत नाही, बाहेर अंग झाकलेले असते. हाडे दुखतात म्हणून तपासणी केली की ड जीवनसत्त्व कमी निघते. ते भरून काढायला डॉक्टरांना विचारूनच गोळ्या घ्याव्यात, पण सकाळी चेहरा आणि हात उन्हात ठेवून बसायला बाक मिळाले तर वाईट नाही.

मुंब्र्याहून आलेली आमची धाकटी पहिल्या दिवशी तलाव बघून म्हणाली, ‘‘आमच्याकडे डोंगर आहे, खाडी आहे, पण बसायला जागा नाही.’’ मुंब्रा ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे कळेल. एका बाजूला पारसिकचा डोंगर, पावसाळ्यात त्यावरून धबधबे कोसळतात, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत इमारतीला इमारत चिकटलेली. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून हजारो कुटुंबे इथे आली. माणसे जीव वाचवून आली होती, त्यांना छप्पर हवे होते, बागेचा विचार करायला कोणाला वेळ होता? छप्परे झाली. त्या छपरांखाली जन्मलेली मुले आता स्वतः आई-बाप झाली आहेत, आणि त्यांच्या मुलांना खेळायला जिना आहे.

पण त्याच मुंब्र्याने एक गोष्ट करून दाखवली. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘परचम’ या संस्थेच्या पुढाकाराने तिथल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. संस्थेचे नाव शायर मजाज यांच्या प्रसिद्ध शेराची आठवण देणारे आहे. मुसलमान मुली आणि हिंदू मुली एका संघात. खेळायला मैदान हवे म्हणून मुलींनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींना निवेदन दिले. कोणी हिजाबात खेळले, कोणी बिनहिजाबाचे. आमच्या धाकटीने हे स्वतः जवळून पाहिलेले. ती खेळली नाही, घरून परवानगी नव्हती. तिच्या वर्गातल्या दोघी खेळल्या. ती जाळीबाहेरून त्यांच्या चपला सांभाळत उभी राहायची.

ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली त्याला कारण घडले. आमच्या इमारतीत एक बारा वर्षांची मुलगी आहे. मागच्या वर्षापर्यंत ती गल्लीतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळायची आणि त्यांच्यापेक्षा बरी खेळायची. मग ती ‘मोठी झाली’. खेळ बंद. सहा महिन्यांत पोरीचे अंग सुटले, चिडचिड वाढली, हातात सतत मोबाईल. तिचा भाऊ तिच्याहून एक वर्षाने मोठा, तो मगरिबपर्यंत मैदानावर. तिच्या आजोबांचे म्हणणे असे की मुलगी वयात आली, चार लोकांत पळापळ बरी दिसत नाही. आजोबा मनाचे वाईट नाहीत. त्यांनी स्वतःच्या मुलींना त्या काळात दहावीपर्यंत शिकवले, तेव्हाही लोकांनी नावे ठेवली होती.

आम्ही त्या मुलीला सकाळी बरोबर घेऊन जाऊ लागलो. ती चालते, पण तिला चालण्यात काय गोडी? बारा वर्षांच्या मुलीला पळायचे असते. मुलांना रोज साठ मिनिटांची हालचाल हवी, आणि ती दम लागेल अशी. ती चेंडू घेऊन आली. एका बागेत आम्ही शिरलो तर दारावरच पाटी, चेंडू खेळण्यास मनाई. फुलझाडे जपायची तर पाटी चूक नाही. पण गावात बाग आहे तिथे खेळायचे नाही आणि मैदान आहे तिथे मुलीने जायचे नाही, तर तिने पळायचे कुठे? त्याच बागेत स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे ते रखवालदारालाही ठाऊक नव्हते. पुरुषांचे यात फारसे अडत नाही. बाई मात्र घरातून निघतानाच पाणी कमी पिते आणि अर्ध्या तासात परतते.

आजोबांसमोर आम्ही हदीसचा विषय काढला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा हजरत आयशा जिंकल्या, पुढे काही काळाने प्रेषित (स.) जिंकले, आणि मागची फिटली असे म्हणून हसले. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. आजोबांना ती माहीत होती. ते म्हणाले, ‘‘तो प्रवासातला प्रसंग आहे, सोबतच्या लोकांना पुढे पाठवलं होतं.’’ बरोबर. म्हणूनच आम्हाला मैदान सगळ्यांबरोबर नको होते, मुलींपुरता वेगळा वेळ हवा होता. यावर ते गप्प झाले. गप्प झाले म्हणजे पटले असे नव्हे, पण दारही बंद झाले नाही.

ठाण्याचे लोक म्हणतील, आमच्याकडे या. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खरेच गेलो. कोलशेतला 2024 च्या फेब्रुवारीत मोठे सेंट्रल पार्क सुरू झाले, वीस एकरांहून थोडे मोठे. त्यात मुघल पद्धतीची बागही आहे. मुले हरखली, अम्मींनी बाके मोजायला सुरुवात केली. जागा सुंदर आहे, तक्रार नाही. पण नऊ माणसांची लोकल, रिक्षा, प्रवेशाची तिकिटे आणि आइस्क्रीम धरून हिशेब केला तर वर्षातून एक ईद परवडते. ठाण्याची खरी श्रीमंती आम्हाला तळ्यांत दिसली. मासुंदा, कचराळी, उपवन. ज्या वस्तीला तळे आहे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी चप्पल घालून निघता येते. डोंबिवलीत आमची एक नणंद राहते, ती घरडा सर्कलजवळच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात जाते. तिच्या मते चालायला ते उत्तम, पण सावली कमी.

केंद्र सरकारच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. म्हणजे एका लहान खोलीएवढी. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाने आपली तेवढी खोली मागायची ठरवली तर गल्लीच शिल्लक राहणार नाही. म्हणून जे थोडे आहे ते राखायचे. यात आपल्या लोकांनाही बोल लावावा लागेल. ईदच्या संध्याकाळी तलावावर काय पडलेले असते ते दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाहतो. लोक विसावा घेतात त्या सावलीत आणि लोकांच्या वाटेवर घाण करणे प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरवले, ते काय फक्त खजुराच्या झाडाच्या सावलीपुरते होते? ज्याने रोप लावले, त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर त्याला सदक्याचे पुण्य, हे आपण मुलांना मदरशात पाठ करायला लावतो. आणि जन्नत या शब्दाचा अर्थ बाग.

यंदाच्या पावसाळ्यात अम्मींनी खिडकीतल्या शेवग्याची एक फांदी मागवून इमारतीच्या मागे लावली. दुचाक्यांसाठी जागा जाते म्हणून एक-दोघांनी कुरकुर केली. अम्मींनी त्यांना पहिल्या शेंगा द्यायचे कबूल केले आहे.

आणि मैदानासाठी आम्ही अर्ज लिहिला. वस्तीतल्या मैदानावर रविवारी सकाळी सात ते साडेआठ हा वेळ मुलींसाठी राखून ठेवावा, एक दिवा लावावा, स्वच्छतागृह उघडे ठेवावे. एवढ्या तीनच मागण्या. मसुदा शिक्षिकेने केला, मुंब्र्याच्या धाकटीने घरोघर नेला. मुलींच्या आयांनी लगेच सह्या केल्या, बापांच्या सह्या मिळवायला इशानंतरची वेळ धरावी लागली. तलावावरच्या आगरी आजींनी नातीसाठी अंगठा उठवला आणि आपल्या आळीतल्या अकरा सह्या आणून दिल्या. आतापर्यंत त्रेचाळीस झाल्या आहेत.

त्या बारा वर्षांच्या मुलीच्या आईने कागद आजोबांसमोर ठेवला. ‘‘अब्बाजी, तुम्ही मोठे आहात, तुमची सही वर हवी.’’ त्यासाठी आम्ही पहिली ओळ मोकळी सोडली आहे. आजोबांनी कागद दोनदा वाचला, ‘स्वच्छतागृह’ हा शब्द चुकीचा लिहिला होता तो पेनाने दुरुस्त केला, आणि तसबीहखाली ठेवून दिला. जुम्मा झाला की सांगतो, म्हणाले.